हरणाचं तोंड पोचतं तिथवर

हाक ऐकली आणि माझा हात आपोआप मुलाच्या दंडावर गेला. छत्तीस वर्षं नागपूरला वनस्पतिशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांना घेऊन ताडोब्याला, नवेगावला किती खेपा केल्या याचा हिशेब नाही. चितळाची ती चिरकी, शिट्टीवजा हाक आली की बोलणं बंद, जिप्सी बंद, हे अंगात मुरलेलं. पण समोर मोहर्लीचा रस्ता नव्हता. टेक्सासमधल्या फ्रेडरिक्सबर्ग गावाबाहेरच्या एका रँचचा ओटा होता आणि ऑक्टोबरमधली संध्याकाळ होती. रँचचे मालक हातातला कॉफीचा मग खालीही न ठेवता म्हणाले, "काही नाही मॅम, माझा कुत्रा दिसला असेल तिला. तुमच्याकडचीच आहे ती."

चितळ टेक्सासात आणलं गेलं १९३२ साली. नव्वद वर्षांत वाघ पाहिलेली एकही पिढी उरलेली नाही. भीती तेवढी बरोबर आणली आहे.

मी ऑस्टिनला मुलाकडे आले होते. "आई, इथे लोक आपल्या जमिनीत हरणं यावीत, टिकावीत म्हणून पैसे खर्च करतात," असं तो फोनवर म्हणाला होता, तेव्हा मला पहिल्यांदा भाऊ आठवला. नागभीडकडे त्याचं शेत जंगलाला चिकटून आहे. धान निघालं की लाखोळी-हरभरा, आणि हरभरा उगवला की मचाणावर जागल. बांधाला जुन्या साड्यांचं कुंपण, वाजवायला टिनाचा डबा, आता झटका मशीनही. तरी सकाळी शेंडे खुडलेले असतातच. हरणांना बोलावणं धाडणारा शेतकरी मला पाहायचाच होता. मुलाच्या सहकाऱ्याचे सासरे निघाले तसे. सत्तरी ओलांडलेले, जर्मन वंशाचे. फ्रेडरिक्सबर्ग हे गावच १८४६ साली जर्मन स्थलांतरितांनी वसवलेलं. चारशे एकर जमीन. आपल्याला हा आकडा मोठा वाटतो, तिथे तो किरकोळ आहे.

आधी त्यांनी मला हरणं दाखवली नाहीत. कुंपणाच्या दाराशी जीप थांबवून म्हणाले, "या झाडांत काय चुकतंय, सांगा." मास्तरकी केलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो फुलतो. मी पाहिलं. सदाहरित लाइव्ह ओकांची राई, वर दाट, हिरवीगार. आणि खाली जमिनीपासून चार-साडेचार फुटांपर्यंत काहीच नाही. एक पान नाही, एक कोवळी डहाळी नाही. फूटपट्टी धरून कुणी कात्री चालवावी तशी सरळ रेघ राईभर गेलेली. खाली वाकलं तर खोडांमधून पार पलीकडचा रस्ता दिसत होता.

"हरणाचं तोंड जिथवर पोचतं, तिथवर रान संपलेलं आहे," ते म्हणाले. ही राई शेजाऱ्याची होती. कुंपणाच्या अलीकडे, त्यांच्या बाजूला, ती रेघ दिसत होती पण पुसट, अधूनमधून खालून फुटवे वर आलेले. या पुसट होत चाललेल्या रेघेवर त्यांची तीस वर्षं खर्च झाली होती.

इथलं मूळचं हरीण म्हणजे व्हाईटटेल, पांढऱ्या शेपटीचं. घाबरलं की शेपटी उभी करून पांढरा झेंडा दाखवत पळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारासाठी केलेल्या शिकारीने अख्ख्या अमेरिकेत ती सुमारे पाच लाखांवर आली होती. आज एकट्या टेक्सासात पन्नास लाखांहून जास्त आहेत. कायदे झाले, शिकारीचे मोसम ठरले, ते खरंच. पण या टेकड्यांच्या मुलखात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती हरणाशी नाही, माशीशी संबंधित आहे. स्क्रूवर्म नावाची माशी जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालते, आळ्या मांस खात आत शिरतात. नुकत्याच जन्मलेल्या पाडसाची ओली नाळ ही तिच्या दृष्टीने जखमच. दर उन्हाळ्यात पाडसं अशी मरत. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या कीटकशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत कोट्यवधी माश्या वाढवून, नर किरणोत्साराने वांझ करून सोडण्याची युक्ती काढली. मादी आयुष्यात एकदाच नराशी जुगते, त्यामुळे वांझ नर मिळाला की वंश खुंटला. टेक्सासातला शेवटचा उपद्रव १९८२ सालचा. हे सगळं केलं गुरांसाठी, आणि फळ मिळालं हरणांना. लांडगे आणि पुमा तर रँचवाल्यांनी आधीच संपवले होते. अलीकडे ही माशी मध्य अमेरिकेतून पुन्हा उत्तरेकडे सरकली आहे आणि रँचवाले धास्तावले आहेत.

म्हणजे खाणारं कुणी नाही, मारणारी माशी नाही, आणि पोटं मात्र लाखो. हरणांसाठी जमीन सुधारायची म्हणजे काय, हा प्रश्न इथून सुरू होतो.

बहुतेकांचं उत्तर पेट्रोल पंपावर मिळतं. ऑक्टोबरात तिथे दाराबाहेर मक्याची पोती थप्पीला लागलेली असतात, लेबलावर हरणाचं चित्र. तीन पायांचं पिंप झाडाखाली उभं करायचं, त्याला घड्याळ आणि पंखा, सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी 'घर्र' करून दाणे उधळले जातात. आवाजाला सरावलेली हरणं पाच मिनिटं आधीच येऊन उभी राहतात, आपल्याकडे शाळेची घंटा व्हायच्या आधी खिचडीला पोरं येतात तशी. मालकांकडेही असं एक पिंप होतं, रिकामं. मक्यात पिष्ट भरपूर, प्रथिनं आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास; शिंगं वाढवणाऱ्या नराला आणि दूध पाजणाऱ्या मादीला त्याच्या दुपटीने लागतात. शिवाय दाण्यांवर येतात रानडुकरं आणि रॅकून. आणि एका जागी दाट जमलेल्या तोंडांतून आजार पसरतात. सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा असाध्य रोग १९६७ साली कोलोराडोत पहिल्यांदा दिसला. टेक्सासात तो २०१२ साली सापडला आणि २०१५ साली हरणांची पैदास करणाऱ्या एका बंदिस्त केंद्रातही निघाला. गंमत म्हणजे ज्या वर्षी ओकांना भरपूर फळ धरतं, त्या वर्षी पोतीच्या पोती ओतली तरी हरणं मक्याकडे फिरकत नाहीत. त्यांना कळतं.

"मका हरणाला बोलावतो, ठेवून घेत नाही," मालकांनी निकाल दिला आणि मला लांब दांड्याची कात्री हातात दिली.

पुढचे दोन तास आम्ही सेडर कापत होतो. सेडर हे इथलं बोलीतलं नाव. झाड खरं म्हणजे जुनिपर. पूर्वी दर काही वर्षांनी गवताला आग लागे आणि त्याची रोपं जळून जात. मग कुंपणं आली, गुरं आणि अंगोरा शेळ्या आल्या. त्यांनी गवत खाल्लं, आगीला जळण उरलं नाही, आणि शेळीलाही फारसा न आवडणारा सेडर टेकड्याच्या टेकड्या व्यापून बसला. त्याच्या सावलीत काही उगवत नाही. पण झाड कापायला सोपं: सगळ्यात खालच्या हिरव्या फांदीच्या खाली कापलं की बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. आपल्याकडच्या वेड्या बाभळीशी झगडलेल्यांना या सोयीचा हेवा वाटेल.

कापलेल्या फांद्या ते जाळत नव्हते. उतारावर उघड्या जमिनीवर आडव्या टाकत होते. चुनखडकावर मातीचा थर इथे बोटभर. फांद्यांनी पावसाचं पाणी अडतं, बी अडकतं, आणि त्या काटेरी जाळीत हरणाला तोंड घालता येत नाही. एके ठिकाणी त्यांनी गेल्या वर्षीची वाळकी फांदी उचलली. खाली रुंद पानांची रोपटी दाटीने आली होती. गवतापेक्षा व्हाईटटेलला हीच हवी असतात, झुडपांचा पाला आणि अशी पानं. जून गवत त्याला पचत नाही. गुडघाभर गवतात उभं राहून ते उपाशी मरू शकतं. हे वाक्य मी वर्गात इतकी वर्षं वापरू शकले असते.

सगळे सेडर कापायचे नाहीत, हेही तितकंच महत्त्वाचं. म्हाताऱ्या सेडरची साल लांब पट्ट्यांनी सुटते, आणि सोनेरी गालांचा एक वॉर्बलर पक्षी त्याच पट्ट्यांनी घरटं बांधतो. तो जगात फक्त मध्य टेक्सासात वीण घालतो, १९९० सालापासून संकटग्रस्त यादीत आहे. हरणांनाही दुपारी बसायला, वाऱ्यापासून आडोशाला दाट जाळी लागतेच. म्हणून उतारावरचे जुने सेडर तसेच, सपाटीवर मोकळं गवत, आणि दोहोंची किनार जितकी वेडीवाकडी तितकी चांगली. हरीण किनारीचं जनावर आहे.

जॉन्सन सिटीजवळ ब्लँको काउंटीत हेच काम ५,५०० एकरांवर झालेलं आहे. तळलेल्या कोंबडीच्या दुकानांच्या साखळीत पैसा मिळवलेल्या डेव्हिड बॅम्बर्गर यांनी १९६९ साली मुद्दाम सगळ्यात उजाड रँच शोधून घेतली, सेडर काढले, देशी गवत पेरलं, आणि काही वर्षांत आटलेले झरे वाहू लागले. सेडर पाणी पितो म्हणून झरे आटतात असं सगळे सांगतात. शास्त्रज्ञांत यावर वाद आहे. मला विचाराल तर श्रेय कापलेल्या झाडापेक्षा नंतर आलेल्या गवताचं जास्त. उघड्या खडकावरून पाणी पळतं, गवताच्या मुळाशी थांबतं, हे आपल्याकडच्या पाणलोटाच्या कामांनीही दाखवलेलं आहे.

हा खटाटोप कोण कशासाठी करतं? टेक्सासातली जवळपास पंच्याण्णव टक्के जमीन खाजगी आहे. हरीण मात्र राज्याच्या जनतेचं. तुमच्या जमिनीत चरलं, व्यालं तरी तुमचं नव्हे. तुमच्या हातात असतं ते दार उघडणं, म्हणजे शिकाऱ्यांना जमीन मोसमापुरती भाड्याने देणं. कित्येक रँचना गुरांपेक्षा या भाड्याचा आधार मोठा. दुसरं कारण कराचं. शेतजमिनीला कर कमी. १९९५ सालच्या घटनादुरुस्तीनंतर शेतजमीन वन्यजीवांसाठी राखली तरी तीच सवलत चालू राहते, अट एवढीच की सातांपैकी किमान तीन कामं करायची: अधिवासाची निगा, धूप रोखणं, भक्षकांवर नियंत्रण, जादा पाणी, जादा अन्न, निवारा, आणि गणती. आपल्या सातबाऱ्यावर पीकपाण्याचा रकाना असतो. तिथे हरणांचा असतो असं समजा.

अर्थात सवलतीपुरतं काम करणारेही आहेत. पिंप, पाण्याची टाकी, कागदावर गणती, झाली तीन कामं. मालक त्यांच्याबद्दल बोलताना खडा लागल्यासारखं तोंड करतात.

या सगळ्यामागे एका माणसाचं डोकं आहे, आणि तो टेक्सासचा नव्हे. आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ साली वन्यजीव व्यवस्थापनावर पाठ्यपुस्तक लिहिलं. कुऱ्हाड, नांगर, गाय, आग आणि बंदूक यांनीच वन्यजीव संपवले, आणि तीच पाच अवजारं डोकं वापरून चालवली तर ते परत येतात, हा त्यांचा विचार. १९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी रेताड, पिचलेलं शेत विकत घेतलं आणि बायको-मुलांसह तिथे दरवर्षी हजारो पाइन लावले. तरुणपणी, वनखात्यात नवे असताना, त्यांनी स्वतः लांडगे मारले होते. लांडगे गेल्यावर हरणांनी बोडके केलेले डोंगरही नंतर पाहिले. १९४३ साली विस्कॉन्सिनच्या संवर्धन आयोगावर नेमणूक झाली तेव्हा त्यांनी माद्या मारायची शिफारस केली, आणि हरणांवर प्रेम करणाऱ्यांच्या भरपूर शिव्या खाल्ल्या. १९४८ साली शेजाऱ्याच्या रानात लागलेली आग विझवताना त्यांचा मृत्यू झाला.

आमच्या मालकांकडे पाचांपैकी चार अवजारं आहेत. बोटभर मातीत नांगर काय करणार? कुऱ्हाड म्हणजे ती कात्री. गाई आहेत, पण एका कुरणात थोडे दिवस, मग लांबची सुट्टी. आग ते हिवाळ्याच्या शेवटी लावतात, शेजारपाजारचे दहा-बारा जण पाण्याचे बंब घेऊन जमतात, वारा आणि हवेतली ओल मोजून. फेब्रुवारीत जाळलेल्या तुकड्यात मी गेले तर काळ्या बुंध्यांतून फुटवे आलेले आणि प्रत्येक फुटव्याचा शेंडा तोडलेला. तोडही पाहण्यासारखी: सशाने खाल्लं की चाकूने छाटल्यासारखा तिरका, स्वच्छ काप. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते ओढून तोडतं, म्हणून टोक चिंध्या झाल्यासारखं. मी भिंग काढलं, मालक खूश झाले. मुलगा गाडीत जाऊन बसला.

राहिलं पाचवं अवजार.

गोठ्याच्या भिंतीवर खिळ्यांना जबड्यांची हाडं टांगलेली होती, प्रत्येकाला चिठ्ठी: तारीख, वजन, मादी की नर. दाढांच्या झिजेवरून वय काढतात. "लोकांना भिंतीवर शिंगं हवी असतात," ते म्हणाले, "मला जबडे." दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मोसम सुरू होतो आणि त्यांच्याकडचे शिकारी आधी माद्या मारतात, मग नराचं नाव. हरणं जमिनीत टिकावीत असं वाटत असेल तर हरणं कमी केली पाहिजेत, हे गणित त्यांना समजायला दहा वर्षं लागली असं ते सांगतात. मला ऐकायलाही जड गेलं. मी शाकाहारी, घरी मुंग्यांना साखर घालणाऱ्या आईची मुलगी. पण शेजारची ती राई डोळ्यांसमोर होती. त्या राईत उद्या वठणाऱ्या ओकांची जागा घ्यायला एकही रोप नाही. दयेचा हिशेब कुठून सुरू करायचा, त्यावर त्याचं उत्तर अवलंबून आहे.

आणि याउपर आमचं चितळ. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. हौसेने, विदेशी शिकारीच्या धंद्यासाठी ते रँचवर आणलं, कुंपणं फुटली, रानात पसरलं. इथून जवळच केर वन्यजीव क्षेत्रात १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग झाला. ९६ एकरांच्या बंदिस्त जागेत सहा व्हाईटटेल आणि सहा चितळ सोडली. पाच वर्षांनी चितळ पंधरा, व्हाईटटेल तीन. मारामारी नाही, रोग नाही. रुंद पानं दोघंही खातात, ती संपली की चितळ गवताकडे वळतं आणि ते त्याला पचतं. व्हाईटटेल बघत राहतं. वीण बारमाही, अंग मोठं, तोंड जरा उंच पोचतं. कायद्याने ते विदेशी, पाळीव जनावरासारखं: मोसम नाही, संख्येची मर्यादा नाही. २०२१ सालच्या फेब्रुवारीत टेक्सास गोठलं तेव्हा मात्र ती शेकडोंनी मेली. उष्ण देशाचं जनावर, बर्फ कुठे माहीत? मला वाईट वाटलं. मालकांनाही वाटलं होतं, असं ते म्हणाले, मग थोडं थांबून, "पण त्या वसंतात फुलं आली."

काळवीटही १९३२ सालीच इथे आलं, आणि त्याची कथा उलटी. पाकिस्तानातून ते संपलं, तेव्हा लाल सुहांराच्या रानात पुन्हा वसवायला टेक्सासमधून नेलं गेलं. आपल्याकडे कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरसुद्धा नाही. तिथलं काळवीट जगतं ते भोवतालच्या पडीक रानांवर, गायरानांवर आणि शेतकऱ्यांच्या ज्वारी-हरभऱ्यावर. म्हणजे खाजगी जमिनीवर हरणं पोसण्याचं काम आपले शेतकरीही करतातच, न विचारता, आणि नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडलेल्या पंचनाम्यापलीकडे त्याची नोंद नाही. शिकारीवर चालणारं टेक्सासचं गणित आपल्याकडे येणार नाही, यावंसं मला वाटतही नाही. पण माझ्या भावाने बांधावरचा झाडोरा राखला आणि चार गुंठे हरभरा सोडला तर त्याबद्दल सातबाऱ्यावर एक ओळ आणि हातात काही पैसे पडावेत, एवढं टेक्सासकडून घेण्यासारखं आहे.

चारशे एकरांत हरीण थांबत नाही. कात्री चालवणाऱ्या मालकाने वाढवलेला पाला पलीकडचं पिंप चालवणाऱ्याचं हरीण येऊन खातं. काहींचं उत्तर आठ फुटी जाळी. ती बांधायला लागणारा पैसा बघता मालकांना ते परवडत नाही, आणि परवडलं असतं तरी नको, म्हणतात. जाळी मारली की ते प्राणिसंग्रहालय झालं. दुसरा मार्ग सहकाराचा. आसपासचे जमीनमालक मिळून संघ करतात, गणती एकत्र, माद्या किती मारायच्या ते एकत्र. आमच्या मालकांच्या संघात चौदा जण आहेत. बैठकीत भांडणं होतात, चहाऐवजी बार्बेक्यू असतं, आणि तो राईवाला शेजारी दहा वर्षं बोलावूनही येत नाही. साखर कारखान्याच्या सभा पाहिलेल्या माणसाला यात नवं काही दिसणार नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घराच्या मागे नेलं. तिथे तारेचा एक पिंजरा आहे, खोलीएवढा, १९९८ साली बांधलेला. आत स्पॅनिश ओकांची झाडं, नोव्हेंबर लागल्याने पानं तांबडी होऊ लागलेली, माझ्या डोक्यावरून वर गेलेली. बाहेर, तारेपासून हातभर अंतरावर, त्यांनी बोटाने गवत बाजूला केलं. घोट्याएवढं एक खुंट, अंगठ्याइतकं जाड, वरून कुरतडून कुरतडून बोन्साय झालेलं. त्याच ओकाचं, जवळपास त्याच वयाचं. दरवर्षी फुटतं आणि दरवर्षी खाल्लं जातं. त्याला खूण म्हणून त्यांनी शेजारी लोखंडी सळई रोवलेली होती.

यंदा जूनमध्ये त्यांचा मुलाला मेल आला. गेल्या मोसमात व्हाईटटेलच्या अकरा माद्या, चितळ सव्वीस. पाऊस बरा. खाली एक फोटो: तीच सळई, आणि तिच्या निम्म्यापर्यंत आलेला ओक. पिंजऱ्याबाहेरचा.